दर वर्षी नव्यानं रंगवलेलं गाव

चित्रं आजारी पडतात आणि मी त्यांची डॉक्टर आहे, हे वाक्य मी तरुणपणी फार टेचात म्हणायचे. हॅनोव्हरला आमच्या मराठी लोकांच्या गणपतीत एकदा एका बाईंनी विचारलं, "तुम्ही नोकरी करता का हो?" मी हेच वाक्य टाकलं. त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे रंगकामच ना? मग आमच्या हॉलची भिंत बघाल का एकदा? पोपडे आलेत." मला इतका राग आला की मी त्यांनी केलेले मोदक खाल्ले नाहीत. आता वाटतं, काय मूर्ख होते. मोदक चांगले होते, आणि बाईही बरोबर बोलत होत्या. माझ्या उभ्या जन्माचं काम त्या एका शब्दात मावतं: पोपडे.

तरुणपणी म्हणजे पन्नाशीत. नात मला "ओमा" म्हणायला लागल्यापासून पन्नाशी मला तरुणच वाटते. त्या पन्नाशीतल्या बाईकडे मी आता एखाद्या आगाऊ पुतणीकडे पाहावं तशी पाहते. काय तो तोरा! पांढरा कोट, कपाळावर भिंग, अंबाड्यात खोचलेला ब्रश, आणि तोंडात सतत "मूळ चित्र, मूळ चित्र". कुणी चित्र घेऊन आलं की आधी मी नाडी बघितल्यासारखी मान हलवायची, मग निदान.

धंदा तसा सोपा आहे. चित्र म्हणजे ताणलेलं कापड, त्यावर पांढरं अस्तर, त्यावर रंग, सगळ्यात वर वार्निश. जर्मनीतल्या ओल्या हवेत कापड सैलावतं, हिवाळ्यात हीटर लागला की आक्रसतं. रंग मात्र वय झालं की कडक होतो, त्याला हलायचं नसतं. एक हलतं, दुसरं हटून बसतं, मग भेगा पडतात आणि कडा उचलल्या जातात. (ज्यांचं लग्न होऊन बरीच वर्षं झालीत त्यांना जास्त समजवायला नको.) आम्ही मळ काढतो, सुटलेला रंग सरसानं परत चिकटवतो आणि जिथं काहीच उरलं नाही तिथं हलक्या हातानं भरतो. आणि आमचा एक मोठा नियम: जे करू ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे.

गिऱ्हाइकं मात्र सोपी नव्हती. एक आजीबाई घराण्याचं तैलचित्र वर्षानुवर्षं कापलेल्या बटाट्यानं पुसायच्या. त्यांच्या पणजोबांच्या दाढीत बुरशी आली होती. वोल्फ्सबुर्गच्या एका मराठी इंजिनियरनं सोनेरी मुलाम्याची जुनी फ्रेम देवाच्या भांड्यांसारखी चिंचेनं घासली होती. सोनं गेलं, खाली नुसतं लाकूड. "काकू, पितळेची असती तर चमकली असती," असं वर मलाच सांगत होता.

पण ज्या चित्रानं माझा तोरा उतरवला, ते आलं दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी. आजही त्याची गोष्ट सांगायची म्हटली की मला खुर्चीत बसवत नाही.

ते आलं वोल्फ्सबुर्गहून, डिलिव्हरी व्हॅनमधून, फुलाफुलांच्या रजईत गुंडाळून. बरोबर रेनातो. म्हणजे इटालियन चित्रकारांच्या एका फेराइनचे, मंडळाचे म्हणू या, अध्यक्ष. ठेंगणे, मिशाळ, कारखान्यातून निवृत्त. हे मंडळ सगळ्या इटालियनांचं नव्हे हं, फक्त अब्रुझ्झो प्रांतातल्यांचं. सिसिलीचा कुणी आला तर त्याला वाइन मिळे, ब्रश मिळत नसे. पहिल्यांदा गाड्यांच्या कारखान्यात कामाला आलेली ही तरणी पोरं बराकीत राहायची आणि रविवारी करमत नाही म्हणून स्वयंपाकघरात चित्रं काढायची. तिथून हे मंडळ निघालं.

"दोत्तोरेसा," म्हणजे डॉक्टरीणबाई, रेनातो म्हणाले, "आमचं गाव गळायला लागलंय."

रजई उघडली. खाटेएवढं रुंद चित्र. मागे डोंगर, मधे चर्च, कारंजं, चौक, आणि डोंगराच्या खिंडीतून नागमोडी उतरत थेट चौकटीच्या खालच्या कडेला येणारा पांढुरका रस्ता. गावात एकही माणूस नाही. चित्र साधारणच. पण वजन! रेनातो, व्हॅनचा ड्रायव्हर आणि मी, तिघांना उचलवेना. मी पडदे ओढले, दिवा अगदी बाजूला नेऊन तिरपा उजेड टाकला आणि किंचाळलेच. तडा गेलेल्या जागी रंगाची कड दिसत होती, आणि ती कड म्हणजे शुद्ध चिरोटा. पापुद्र्यावर पापुद्रा, पापुद्र्यावर पापुद्रा!

"ह्याच्यावर कुणीतरी पुन्हा पुन्हा रंगवलंय!" मी म्हणाले. "कुणा अडाण्यानं! घाबरू नका सिन्योर रेनातो, मी हे सगळं काढते. खालचं मूळ चित्र तुम्हाला परत देते."

रेनातो आधी माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. मग खुर्ची ओढून बसून हसायला लागले. डोळे पुसत म्हणाले, "तो अडाणी मीच. आणि बाकीचेही."

मग त्यांनी रीत सांगितली. पहिल्या वर्षी सगळ्यांत मिळून एकच कापड होतं, ताडपत्रीचं. गावच्या जत्रेला जाता येत नाही म्हणून जत्रेच्या रविवारी सगळ्यांनी मिळून आठवेल तसं गाव त्यावर काढलं. प्रत्येकाच्या वाट्याला एक तुकडा: कुणाला आभाळ, कुणाला चर्च, कुणाला कारंजं. दुसऱ्या वर्षी नवं कापड कुठून आणायचं? म्हणून त्याच्यावरच पांढरं अस्तर मारलं आणि पुन्हा तेच गाव काढलं. पुढे कापडं परवडायला लागली, पण तोवर ती रीत झाली होती. दर सप्टेंबरात जत्रेच्या रविवारी जुनं गाव झाकायचं, नवं काढायचं. कुणी कायमचा इटलीला परत गेला, कुणी वारला, की त्याचा तुकडा दुसऱ्याकडे. मंडळाचा सगळा इतिहास ह्या एका कापडावर, एकाखाली एक.

"आणि माणसं का नाहीत?"

"पहिल्याच वर्षी मारामारी झाली. चर्चच्या दारात कुणाची आई उभी करायची ह्यावरून. तेव्हापासून नियम: गाव रिकामं. माणूस काढायचा नाही."

त्यांचं मागणं साधं होतं. सप्टेंबरात मंडळाचा मोठा वाढदिवस होता. तोवर पोपडे चिकटवून द्यायचे, म्हणजे वर नवं गाव काढता येईल. मी हो म्हणाले आणि मनात म्हणाले, बघते तुम्हाला कोण नवं काढू देतंय!

दोन दिवसांनी वेर्कश्टाटच्या, म्हणजे माझ्या कामाच्या जागेच्या, दारात एक बाई उभी. काळे कपडे, हातात बिस्किटांचा डबा, चेहऱ्यावर भांडायला आल्यासारखा भाव. नाव अस्सुंता. तिचा नवरा बेप्पे मंडळाच्या पहिल्या पोरांपैकी. आदल्या हिवाळ्यात वारलेला. त्याच्या वाट्याला पहिल्यापासून रस्ता होता. ब्रश धरायला नवखा म्हणून दिलेला, कुणाला नको असलेला तुकडा. पण त्यानं तो मरेपर्यंत सोडला नाही.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला खालचं दिसतं ना? रस्त्यावर मी आहे का?"

लग्न झाल्यावर बेप्पे एकटाच जर्मनीला आला. ती गावी सासूपाशी राहिली. नाताळात घरी गेला तेव्हा म्हणाला, मी तुला रस्त्यावर काढलंय, तू येते आहेस. पुढे काही वर्षांनी ती खरंच आली. बघते तर रस्ता रिकामा. बेप्पे म्हणाला, नियम आहे ना, म्हणून तुझं चित्र काढून वरून रस्ता मारला. तू खाली आहेस. इथे. आणि बोट ठेवलं. त्यानंतर दर जत्रेला, चित्र पुरं झालं की तो सगळ्यांदेखत रस्त्यावर बोट ठेवायचा: "अस्सुंता इथे आहे."

"किती गोड!" मी म्हणाले.

"गोड काय? तो एक नंबरचा थापाड्या होता. मला सांगितलं होतं, बागेतलं घर आहे. येऊन बघते तर बराक. म्हणाला होता, बॉस मला भावासारखा मानतो. बॉसला त्याचं नावही माहीत नव्हतं. सगळ्या थापा मी माफ केल्या. पण ही एक..." तिनं डबा टेबलावर आपटला. "ही खरी आहे की नाही, हे कळल्याशिवाय मला धड रडताही येत नाही हो."

मी रेनातोंना फोन केला. ते उसासा टाकून म्हणाले, "दोत्तोरेसा, तो माझा जिवलग होता. पण ती थापच. दर वर्षी बोट वेगळ्याच जागी ठेवायचा! एकदा खिंडीपाशी, एकदा वळणावर, शेवटी शेवटी तर पार खाली चौकटीपाशी. स्वतःची थापही धड लक्षात राहत नव्हती बिचाऱ्याच्या. अस्सुंतालाही ते माहीत आहे. म्हणून तर तिला शंका."

अशा वेळी आम्ही काय करतो सांगते. भेगेच्या काठावरून मोहरीहूनही लहान कण घ्यायचा, पारदर्शक राळेच्या गोळीत बसवायचा, गोळी घासून गुळगुळीत करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या कणाकडे बाजूनं बघायचं. कापलेल्या केकसारखे सगळे थर दिसतात. मी रस्त्याच्या तीन ठिकाणचे कण घेतले: वर खिंडीपाशी, मधे वळणावर, खाली कडेजवळ.

पहिली गोळी लावली आणि मी थर मोजायलाच लागले. पांढरं, करडं, पांढरं, करडं; वर्षामागून वर्ष, जत्रेमागून जत्रा! मधेच एक जाड, पिठूळ पट्टा होता. त्याचा फोटो दाखवला तेव्हा रेनातोंनी कपाळाला हात लावला. मंडळात बांधकामावर भिंती रंगवणारे काही जण होते, त्यांनी एका वर्षी भिंतीचाच रंग वापरला होता. ट्यूबमधले तैलरंग वापरणाऱ्यांनी त्यावरून त्यांच्याशी जवळजवळ वर्षभर अबोला धरला होता. चित्राचं दुखणंही तेच होतं. त्या पट्ट्यावर वरचं काही धड धरतच नव्हतं, दुधावरून साय सरकावी तसं सरकत होतं.

आणि मग दिसली एक लाल रेघ. केसाएवढी बारीक, लखलखीत लाल, एका करड्या थराच्या खाली. दुसऱ्या गोळीतही लाल. तिसऱ्या गोळीतही!

इथे शहाण्या बाईनं अस्सुंताला फोन केला असता. मी काय केलं? मी व्याख्यान तयार केलं. जुने इटालियन चित्रकार करड्या रंगाला ऊब यावी म्हणून खाली लाल हात द्यायचे, हे मला पुस्तकांतून पाठ होतं. बेप्पेला ही विद्या परंपरेनं आली असणार! कारखान्यातला साधा माणूस आणि हातात शतकांचा वारसा! परिषदेत पैठणी नेसून मी हे सांगते आहे, पडद्यावर माझी लाल रेघ झळकते आहे, आणि पहिल्या रांगेत सगळे जर्मन प्राध्यापक माना डोलवताहेत, इथवर मी पोचले. लाल रेघ तिन्ही गोळ्यांत वेगवेगळ्या खोलीवर होती, हे मला दिसलं होतं. "अनियमित वापर" असं लिहून मी ते बाजूला टाकलं.

माझा प्रस्ताव असा: वरचे सगळे थर उतरवायचे आणि बराकीतल्या पोरांनी काढलेलं पहिलं गाव उघडं करायचं. अस्सुंता त्यात असेल तर दिसेलच. हा प्रस्ताव घेऊन मी वोल्फ्सबुर्गला मंडळाच्या सभेला गेले. बरोबर आमचे हे. हे कारखान्यातच रंगविभागात इंजिनियर; अर्धी मंडळी ह्यांना ओळखत होती, त्यामुळे आम्हाला आधी सूप, मग पास्ता, मग मांस, आणि प्रत्येक वेळी "शाकाहारी? बरं, मग फक्त थोडंसं" असा आग्रह झाला. जेवणं झाल्यावर मी उभी राहून बोलले. लाल रेघ, वारसा, मूळ चित्र, सगळं. संपलं तेव्हा टाळ्यांची वाट बघत थांबले.

मग कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "माझ्या भावाचं चर्च वरून तिसरं-चौथं असेल. ते काय करणार तुम्ही?"

"ते... ते काढावं लागेल. पण फोटो घेऊ आपण."

"आणि कारंजं?" दुसरे एक जण. "ते काढणारा परत गेला. गावी कारंजं राहिलं नाही. त्याचंच तेवढं आहे."

एकेक जण बोलायला लागला. कुणाचं आभाळ, कुणाचा डोंगर. मी "आल्झो... आल्झो", म्हणजे "तर मग... तर मग", एवढंच म्हणत राहिले. मला वाटलं, अस्सुंता तरी माझ्या बाजूनं उठेल. ती उठली.

"मला बघायचंय," ती म्हणाली. "पण दुसऱ्या बायकांचे नवरे खरवडून मला माझा नकोय."

झालं. सभा संपली. परतीच्या वाटेवर मी गाडीत फुरंगटून बसले. "ह्यांना मुळाची किंमतच नाही! दर वर्षी आपल्याच हातानं काढायचं आणि आपल्याच हातानं झाकायचं!"

हे गाडी चालवत शांतपणे म्हणाले, "मागच्या गणपतीला तूच नाही का रडलीस? बादलीत गणपती बुडवताना?"

"त्याचं काय?"

"काही नाही. म्हटलं, त्याला बुडवू नका, मूळ मूर्ती आहे, असं काही तू म्हणाली नाहीस."

दर वर्षी शाडूची मूर्ती घडवून, पूजून, आपल्या हातानं विरघळवणाऱ्या माणसांत मी वाढले. ती मंडळी काय करताहेत हे अख्ख्या जर्मनीत कुणाला आधी कळायला हवं होतं, तर मला! आणि मी तिथे पांढरा कोट घालून वारसा शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला माझे तीन फोटो टेबलावर पडले होते. ह्यांना त्यात रस नव्हता. पण रंगाच्या थरांची जाडी मोजण्यातच ह्यांचा जन्म गेला, त्यामुळे नजर गेलीच.

"अगं, ही लाल रेघ इथे अगदी तळाला आहे."

"हो. खिंडीपाशी."

"इथे मधे आहे."

"वळणावर."

"आणि इथे जवळजवळ वर." ह्यांनी ब्रेडच्या पाकिटातून स्लाइस काढून एकावर एक रचले. टोमॅटोची एक फोड तळाच्या स्लाइसवर डाव्या टोकाला ठेवली, दुसरी मधल्यावर मधे, तिसरी वरच्यावर उजवीकडे. "हे अनियमित नाही. हे सरकतंय. जसजशी वर्षं जातात तसतसं लाल पुढे सरकतंय, रस्त्यानं खाली. तुझा तो माणूस बोट कुठे ठेवायचा म्हणालीस?"

मी टोमॅटोच्या फोडींकडे बघितलं. खिंड. वळण. चौकट.

माझ्या हातातला चहा सांडला. ह्यांच्या शर्टावर. हे काही बोलायच्या आत मी रेनातोंना फोन लावला होता आणि जर्मन, मराठी, येईल ते ओरडत होते. "तो विसरत नव्हता! बोट बरोबर होतं! ती चालते आहे! ती चालत येते आहे!"

पलीकडे रेनातोंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "रस्ता पहिल्यापासून बेप्पेचाच. वरचे थरही त्याचे, खालचेही त्याचेच. त्याच्या बायकोनं तो खणायचा ठरवला तर मंडळाला विचारायची गरज नाही. करा, दोत्तोरेसा. पण फक्त रस्ता."

आमच्या धंद्यात ह्याला जिना म्हणतात. अगदी अरुंद पट्टी घ्यायची आणि पायरीपायरीनं एकेक थर खाली उतरत जायचं, म्हणजे प्रत्येक पायरीवर एकेक वर्ष उघडं राहतं. मी रस्त्याची बोटभर पट्टी घेतली. चौकटीपासून सुरुवात, खिंडीकडे वर वर. सूक्ष्मदर्शकाखाली, छोट्या सुरीनं, श्वास धरून. एका बाजूला अस्सुंता, दुसऱ्या बाजूला रेनातो. बाहेर लख्ख ऊन. शेगडीवर माशाचा सरस कोमट होत होता, कारण सुटलेल्या कडा लगेच चिकटवायच्या होत्या. त्याच्या वासानं खरं तर जीव जायचा, पण त्या दिवशी तिघांपैकी कुणालाही वास आला नाही.

करड्या रंगाचा पहिला पापुद्रा उचलला. खाली लाल.

अजून थोडा. लाल कोट. भुईमुगाच्या शेंगेएवढा. वर काळ्या केसांचा ठिपका, खाली दोन पाय, एक पुढे टाकलेला. हातात काहीतरी, पेटी किंवा गाठोडं. चेहरा नाही, बेप्पेला चेहरे येत नव्हते. पण चाल होती. अगदी अंग पुढे झोकून, भांडायला निघाल्यासारखी चाल.

रेनातो म्हणाले, "ही तर अस्सुंताच."

अस्सुंता आणखी जवळ वाकली. मी पुढची पायरी घेतली. आधीचं वर्ष. लाल कोट, जरा मागे, जरा लहान. त्याच्या आधीचं. अजून मागे, अजून लहान. मधल्या काही पायऱ्यांवर ती नव्हतीच, माझ्या बोटभर पट्टीच्या बाहेर राहिली असणार. मग पुढच्या पायरीवर पुन्हा हजर. दुपार टळली तरी आम्ही वळणापर्यंत पोचलो नव्हतो. दिवसामागून दिवस आम्ही तसेच तिघं बसायचो, आणि खिंडीपाशी पोचलो तेव्हा तळाच्या ताडपत्रीवर, बराकीतल्या पहिल्या रविवारी काढलेल्या पहिल्या रस्त्यावर, तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. ती निघाली होती.

म्हणजे बेप्पे दर जत्रेला आधी तिला काढायचा, मग कुणी बघायच्या आत वरून रस्ता मारायचा. ती खरोखर जर्मनीत येऊन, शेजारी उभी राहून त्याला बोलणी घालत असतानाही, चित्रात तिला आणखी थोडी जवळ आणत राहायचा. माझा शतकांचा वारसा म्हणजे बायकोचा कोट होता.

अस्सुंता भिंगातून बघत राहिली. मग मान वर करून म्हणाली,

"मूर्ख माणूस. तो कोट मी येतानाच बहिणीला देऊन टाकला होता. दर वर्षी तोच घातलाय मला. दुसरा कपडा आठवला नाही मेल्याला!"

आणि मग ती रडली. धड, मोकळी, जोरात. रेनातो बाहेर जाऊन सिगारेट ओढायला लागले, पेटवायची विसरून.

सप्टेंबरातल्या जत्रेच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये चित्र मधोमध मांडलं होतं. पोपडे चिकटवलेले, रस्त्यावर माझा जिना. सगळं मंडळ रांगेनं भिंग घेऊन बघून गेलं. कुणी हसलं, कुणी डोळे टिपले. मला खात्री होती, आता हे झाकणार नाहीत. काचेत लावतील. माझं नाव खाली बारीक अक्षरात येईल. मी पैठणी नेसले होते. खोटं कशाला बोलू?

रेनातोंनी पांढऱ्या अस्तराची बादली आणली.

"सिन्योर रेनातो!" मी पुढे झाले. "जिना तरी ठेवा!"

त्यांनी अस्सुंताकडे बघितलं. रस्त्याचा तुकडा आता कुणाला द्यायचा हे मंडळानं आधीच ठरवलं होतं. इतक्या वर्षांत बायकांनी फक्त वाइन आणि पास्ता आणला होता. ब्रश कुणाच्या हातात गेला नव्हता. अस्सुंतानं बाह्या सरसावल्या.

"मी बघितलं," ती मला म्हणाली. "आता तिला तिथेच राहू दे. ती पोचली."

आणि रुंद ब्रशानं तिनं लाल कोटांवर पांढरा हात फिरवला. खिंड, वळण, चौकट. मी बादली धरून उभी होते. खरंच, माझ्याच हातात बादली होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध माझ्या डोळ्यांसमोर बुडत होता, आणि मला आतून आरती म्हणावीशी वाटत होती.

अस्तर वाळल्यावर सगळे आपापल्या तुकड्याला लागले. अस्सुंतानं बारीक ब्रश घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि मला खुणेनं आपल्या पुढे उभं केलं, आडोशाला. पैठणीचा पदर चांगला रुंद असतो. वळणाच्या जरा अलीकडे तिनं एक माणूस काढला. वाकडा, काठीसारखा, निळ्या कारखान्याच्या कपड्यातला, एक हात पुढे आणि त्या हाताला भलंमोठं बोट. मग भराभर वरून करडा रस्ता मारला. हात पुसत, वळून सगळ्यांना मोठ्यानं म्हणाली, "झाला रस्ता. रिकामा आहे."

रेनातोंनी खाकरून आभाळाकडे बघितलं. म्हणजे स्वतःच्या तुकड्याकडे.

अजूनही सप्टेंबरात आम्ही जातो. चित्र आणखी जड झालंय. मागच्या वेळी नातीला, मीराला, नेलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधूनच येतं. मी तिला रस्त्यापाशी उभं केलं, वळणाच्या जरा अलीकडे बोट ठेवलं आणि सांगितलं, "इथे एक माणूस आहे. बायकोची वाट बघतोय."

मीरानं नाक चित्राला लावून नीट बघितलं. "ओमा," ती म्हणाली, "दा इस्ट निष्ट्स." काहीच नाहीये.

"आहे गं," मी म्हणाले, आणि बोट तिथेच ठेवलं.